वायफायचा अँटेना जितका लांब तितका चांगला का?

प्रश्न : आमचे मानेवाडा भागात एकमजली घर आहे. राउटर खाली बैठकीत, टीव्हीच्या कपाटात ठेवला आहे. मुलीची अभ्यासाची खोली वर, मागच्या बाजूला आहे. तेथे व्हिडिओवरील वर्ग सारखा अडकतो आणि उन्हाळ्यात, टीव्हीशेजारच्या खिडकीला कूलर बसवल्यावर, त्रास अधिकच वाढतो. राउटरचे दोन्ही अँटेने पिळून काढता येतात. बर्डीवरील एका दुकानदाराने 9 डीबीआयचे लांब अँटेने लावण्यास सांगितले आहे. ते घ्यावेत का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या घराची रचना पाहता 9 डीबीआयचे (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल एका दिशेला किती एकवटतो, याचे माप) अँटेने घेऊ नयेत, असे माझे मत आहे. अशा अँटेन्यांमुळे वरच्या खोलीतील सिग्नल सुधारण्याऐवजी आणखी खालावण्याची शक्यताच अधिक आहे.

अँटेना स्वतः कोणतीही शक्ती निर्माण करत नाही; राउटरने दिलेली शक्ती कोणत्या दिशेला किती जावी, एवढेच तो ठरवतो. उभ्या दांडीच्या साध्या अँटेन्याभोवती लहरींचा जो आकार तयार होतो, तो मेदूवड्यासारखा असतो आणि दांडी त्याच्या भोकातून गेलेली असते. म्हणजे चारी बाजूंना सिग्नल चांगला मिळतो, पण दांडीच्या थेट वर आणि थेट खाली जवळजवळ काहीच जात नाही. डीबीआयचा आकडा वाढवणे म्हणजे हा वडा दाबून त्याचे थालीपीठ करणे होय : पीठ तेवढेच राहते, पसरट मात्र होते. 9 डीबीआयच्या अँटेन्याचा मुख्य झोत आडव्या पातळीच्या वर आणि खाली साधारण 7 अंशांपर्यंतच असतो. आपल्या मुलीची खोली राउटरपासून 3 मीटर उंच आणि आडव्या रेषेत 6 मीटर दूर आहे असे धरले, तर ती सुमारे 27 अंश वर येते. तेव्हा त्या लांब अँटेन्याचा लाभ तिला न होता समोरच्या रस्त्याला आणि शेजाऱ्यांच्या बैठकीला होईल. सगळ्या खोल्या एकाच पातळीवर असलेल्या ऐसपैस घरात त्याच दुकानदाराचा सल्ला कदाचित योग्यही ठरला असता.

यासाठी आधी एक फुकटचा प्रयोग करून पाहावा. दोनपैकी एक अँटेना उभाच ठेवावा आणि दुसरा पूर्ण आडवा करावा, मात्र त्याचे टोक वरच्या खोलीच्या दिशेला रोखलेले नसावे, तर त्याची बाजू त्या खोलीकडे असावी. टोक रोखून अँटेना बंदुकीसारखा धरण्याची चूक पुष्कळ जण करतात, आणि नेमक्या त्याच दिशेला तो सर्वांत दुबळा असतो. फोनवर सिग्नलची तीव्रता डीबीएममध्ये दाखवणारे एखादे मोफत ॲप घेऊन मुलीच्या टेबलापाशी आधीचा आणि नंतरचा आकडा टिपून ठेवावा. उणे 67 किंवा त्याहून बरा, म्हणजे शून्याच्या अधिक जवळचा, आकडा आला, तर व्हिडिओ वर्गाला सहसा अडचण येत नाही. उणे 80 च्या पलीकडे गेल्यास अडथळे येणारच. हा प्रयोग करण्यापूर्वी राउटरपासून दोन पावलांवर उभे राहून वेगही पाहावा. तेथेही तो रखडत असेल, तर दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीचा किंवा राउटरचा आहे, आणि अँटेन्यावर केलेला खर्च वायाच जाईल.

आता कूलरविषयी, कारण खरा अपराधी मला तेथेच दिसतो. कूलरचा पत्रा लहरी परतवून लावतो, टाकीतील पाणी आणि वाळ्याच्या ओल्या ताट्या त्या शोषून घेतात. आणि एरवी लहरींना बाहेर पडून वर जाण्यास जी खिडकी मोकळी असते, ती आपण एप्रिलपासून पावसाळ्यापर्यंत अशी बंद करून टाकतो. आमच्याकडेही ऐन नवतपात राउटर आणि कूलर शेजारी शेजारी होते, आणि राउटर केवळ 2 मीटर सरकवल्यावर आतल्या खोलीतील तक्रार संपली. नागपूरच्या उन्हात कूलर हलवा, असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही, राउटर हलवावा. तो कपाटातून बाहेर काढून जिन्याजवळच्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला लावावा. स्लॅबमधील लोखंडी सळयांपेक्षा जिन्याची मोकळी जागा लहरींना सोपी असते. वरच्या खोलीतील उपकरण 2.4 गिगाहर्ट्झच्या जाळ्याला जोडावे, कारण 5 गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींत अधिक लवकर विरतात.

एवढे करूनही अँटेना बदलायचाच असेल, तर 5 डीबीआयच्या आसपासचा, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांवर चालणारा घ्यावा आणि दोन्ही अँटेने एकसारखेच घ्यावेत. दुकानात जाताना जुना अँटेना सोबत न्यावा. राउटरवरील बाहेरून आटे असलेल्या तोंडाच्या मध्यभागी बहुधा बारीक पिन दिसते. तसे असल्यास तो आरपी-एसएमए प्रकार आहे आणि नव्या अँटेन्याच्या मध्यभागी भोक हवे. दिसायला अगदी तसाच असणारा साधा एसएमए अँटेना आट्यांवर व्यवस्थित बसतो, पण पिनेसमोर पिन येते आणि जोर दिल्यास ती वाकते. तसेच वीतभर लांबीच्या दांडीवर 15 किंवा 20 डीबीआय छापलेले दिसले, तर ती दांडी परत ठेवावी. चहूकडे सिग्नल देणाऱ्या 9 डीबीआयच्या अँटेन्यालाच 2.4 गिगाहर्ट्झवर सुमारे 40 सेंटीमीटर लांबी लागते. त्याहून मोठा आकडा आखूड दांडीत मावत नाही.

प्रश्न : राउटर खालीच ठेवून 5 मीटर केबलने फक्त अँटेना गच्चीवर नेला तर चालेल का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : चालणार नाही. अशा जोडणीसोबत मिळणाऱ्या पातळ केबलमध्ये 2.4 गिगाहर्ट्झवर दर मीटरला साधारण 1 ते 2 डेसिबल सिग्नल नष्ट होतो. 5 मीटरमध्ये 10 डेसिबल गेले, तर मूळ शक्तीचा जेमतेम दहावा हिस्सा गच्चीवर पोहोचेल, आणि चांगल्या अँटेन्याने मिळवलेले सारे वाटेतच संपेल. त्याऐवजी तेवढ्याच खर्चाच्या आसपास लॅन केबल वर न्यावी, जी 100 मीटरपर्यंत खुशाल चालते, आणि तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेली जोडणी तेथे वायफायने पुरवण्यासाठी, दुसरा जुना राउटर लावावा. तो मात्र गच्चीवर उघड्यावर न ठेवता वरच्या खोलीत ठेवावा, कारण मेमधील उन्हात त्याचे प्लास्टिक तडकते आणि त्यानंतरच्या वळवाच्या विजा तर घरातील इतर उपकरणांनाही सोडत नाहीत.