तो स्वतःहून गेला आहे, मग हे रॅगिंग कसे?

पुण्यात फिरोदिया करंडकासारख्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या तालमी रंगात आल्या की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न हमखास असतो. मुलगा किंवा मुलगी त्रासाबद्दल चकार शब्द काढत नाही, उलट महाविद्यालयाच्या नाट्यसंघाबद्दल भरभरून बोलते. मात्र तब्येत उतरलेली असते, पैसे पुरत नाहीत आणि रात्री फोन उचलला जात नाही. आवडीने निवडलेल्या गटात जे चालते त्याला रॅगिंग म्हणायचे की मेहनत, हे पालकांना ठरवता येत नाही. अशाच एका आईचा आणि तिच्या मुलाचा अनुभव त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे सांगत आहे.

मुलगा परभणीकडचा, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला. आईने सांगितलेल्या गोष्टी वरवर किरकोळ होत्या. आवाज बसलेला, दर दोन दिवसांनी शंभर-दोनशे रुपयांची मागणी आणि जेवताना फोन वाजला की घास टाकून उठण्याची घाई. ‘‘मॅडम, सुट्टीत घरी आला तेव्हा वरच्या वर्गातल्या एका मुलाचा फोन आला, तर हा उभा राहून, मान खाली घालून ‘हो सर, हो सर’ म्हणत होता,’’ हे तिने सर्वांत शेवटी, जवळजवळ संकोचाने सांगितले. मला मात्र बाकी सगळ्यापेक्षा हाच तपशील अधिक बोलका वाटला. दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुलाशी फोनवर बोलतानाही उभे राहावे लागत असेल, तर त्या नात्यात आदरापेक्षा धाक जास्त आहे.

मुलगा भेटायला आला तो काहीसा नाराजीनेच. त्याचे म्हणणे स्पष्ट होते: नाटकात यायला कोणी बळजबरी केली नव्हती, पहिल्या वर्षी सगळ्यांनाच बॅकस्टेज करावे लागते, आणि सीनिअर सोसायला शिकवतात. मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्या आठवड्यात गटासाठी काय काय केले ते वहीत लिही आणि प्रत्येक कामापुढे ‘हे नाटकाला लागते का?’ याचे उत्तर लिही, एवढेच सांगितले. पुढच्या भेटीत त्याने वही उघडली. लेव्हल्स (रंगमंचावरचे लाकडी चौथरे) उचलणे, प्रॉपर्टी म्हणजे नाटकातल्या वस्तू रंगवणे, पडद्यांना इस्त्री करणे, रन-थ्रूला म्हणजे सलग तालमीला प्रॉम्प्टिंग करणे (विसरलेले संवाद सुचवणे), या सगळ्यांपुढे ‘हो’ होते. मग हस्ताक्षर बारीक होत गेले. टीईच्या (अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या) दोघांची जर्नल्स, म्हणजे प्रात्यक्षिकांच्या वह्या, लिहून देणे. तालमीनंतर सर्वांचा चहा आणि वडापाव स्वतःच्या पैशांनी आणणे. रात्री दीड वाजता व्हॉट्सॲपवर ‘हजर’ लिहिणे, उशीर झाला तर दंड भरणे. एका सीनिअरच्या फ्लॅटच्या गच्चीवर ‘इंट्रो’ देताना समोरच्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर नजर ठेवून उभे राहणे आणि सांगतील त्या नकला करणे. त्याचा व्हिडिओ कोणीतरी ‘आठवण म्हणून’ काढलेला. या ओळींपुढची जागा त्याने कोरी ठेवली होती.

कष्ट आणि छळ यांतली सीमा कामाच्या कठीणपणावरून ठरत नाही. रात्रभर सेट ठोकणे कठीण असते, पण ते नाटकासाठी असते आणि त्यात सीनिअरचाही घाम गाळला जातो. जर्नलचा नाटकाशी संबंध नसतो. म्हणून मी त्याला दुसरा प्रश्न विचारला: ‘‘तू नाही म्हणाला असतास तर?’’ बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याच्याच वर्गातल्या एका मुलाची गोष्ट बाहेर आली. त्या मुलाने गच्चीवर यायला नकार दिला होता. दुसऱ्या दिवशी त्याला ग्रुपमधून काढले गेले आणि मेसमध्ये त्याच्या टेबलावर कोणी बसायचे नाही असा निरोप फिरला. ‘‘मीपण नाही बसलो, मॅडम,’’ तो म्हणाला. स्वखुशीचा मुद्दा त्याने त्यानंतर पुन्हा काढला नाही.

मुले अशा गटाची बाजू इतक्या हिरिरीने का घेतात, याचे एक उत्तर मानसशास्त्रात जुने आहे. एलियट ॲरनसन आणि जडसन मिल्स यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थिनींना एका चर्चागटात प्रवेश मिळवण्यासाठी लाजिरवाण्या चाचणीतून जावे लागले, तर इतरांना सौम्य चाचणी होती किंवा काहीच नव्हते. नंतर सर्वांना ऐकवलेली चर्चा मुद्दाम रटाळ ठेवली होती. तरीही जास्त अपमान सोसलेल्या विद्यार्थिनींना ती अधिक रंजक वाटली. आपण इतके सोसले ते फुकट गेले, हे मान्य करण्यापेक्षा गट ग्रेट आहे असे मानणे मनाला सोपे जाते. पुढच्या वर्षी तेच मूल ‘आमच्या वेळी तर याहून जास्त होते’ म्हणत नव्या मुलांसमोर उभे राहते ते यामुळेच. त्यामुळे ‘ग्रुप छान आहे’ या वाक्यावर पालकांनी संशय घेऊ नये, पण तेवढ्यावर निर्धास्तही होऊ नये.

कायद्याने हा प्रश्न बराच सोडवून ठेवला आहे. १९९९ च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियमानुसार विद्यार्थी एरवी स्वेच्छेने करणार नाही असे काही त्याला करायला सांगणे हेही रॅगिंगच ठरते, आणि ते संस्थेबाहेर, म्हणजे फ्लॅटच्या गच्चीवर घडले तरी कायदा लागू होतो. शिक्षा २ वर्षांपर्यंत कारावास आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड अशी आहे. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करायची असते, आणि त्याने टाळाटाळ केली तर गुन्ह्याला साहाय्य केल्याचे मानले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांत तर सीनिअरचे शैक्षणिक काम नव्या विद्यार्थ्याकडून करून घेणे आणि त्याच्यावर खर्च लादणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जर्नल आणि वडापाव दोन्ही त्यात बसतात, हे ऐकून मुलगा प्रथमच हसला.

सुरुवातीला तक्रार करायला तो तयार नव्हता, कारण नाटक बंद पडेल ही भीती खरी होती. ज्याला मार बसला आहे, लैंगिक स्वरूपाचा छळ झाला आहे किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत आहेत, त्याच्या बाबतीत मी एक दिवसही थांबत नाही. तेथे पालक, संस्थाप्रमुख आणि गरज पडल्यास पोलीस यांना लगेच सामील करून घ्यावे लागते. येथे ती वेळ आली नव्हती. मेसेज, दंडाच्या यूपीआय नोंदी आणि व्हिडिओ पाठवल्याचा पुरावा यांचे स्क्रीनशॉट त्याने आधी जपून ठेवले. मग मेसमध्ये एकट्या पडलेल्या त्या मुलाशी तो स्वतः जाऊन बोलला, आणि दोघे मिळून रॅगिंगविरोधी समितीतील प्राध्यापिकेकडे गेले. माहिती देणाऱ्याची ओळख जपण्याची तरतूद विनियमांत आहे, हे त्यांना आधी सांगितले होते. १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांकही हाताशी होता.

चौकशीनंतर व्हिडिओ काढणाऱ्यावर आणि दंड गोळा करणाऱ्यावर कारवाई झाली. नाटक मात्र झाले. त्यानंतर गटात झालेले बदल मला कारवाईपेक्षा महत्त्वाचे वाटतात. ओळखीचा कार्यक्रम आता दुपारी, सभागृहात, समन्वयक प्राध्यापकांसमोर होतो. तालमीचा चहा सांस्कृतिक विभागाच्या निधीतून येतो, तालीम संपण्याची वेळ फलकावर लागते, लेव्हल्स उचलणाऱ्यांच्या यादीत दिग्दर्शकाचेही नाव असते, आणि मध्येच गट सोडायचा असेल तर कोणाला सांगायचे हे पहिल्याच दिवशी सांगितले जाते.

त्याला गटातून काढू का, असे आईने शेवटी विचारले होते. मी तो निर्णय त्याच्यावर सोपवायला सांगितले. त्याने त्या वर्षी रंगमंचापासून लांब राहायचे ठरवले आणि दुसऱ्या वर्षी प्रकाशयोजना शिकण्यासाठी परत गेला. पैशांची मागणी महिन्याला एकदाच होते, असे आईने अलीकडे कळवले. ती मेसच्या बिलाची असते.