दुसऱ्या भागावर रुसलेल्या पोरीस

शहापूर, बेळगाव

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेखाची सहा पानं आणि दोन्ही पुस्तकं तुझ्या काकांनी खानापूरच्या बसनं आणून दिली. पिशवीत पिशवी, तिच्यात वर्तमानपत्र आणि त्यात पुस्तकं. या पावसात तेवढं करावंच लागतं. पानं त्याच रात्री वाचली. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण पुस्तकं वाचल्याशिवाय तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचतो. जन्मभर मराठी शिकवली, त्याची ही शिक्षा.

उर्सुला ल ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ 1968 चं. तू ते नववीत वाचलंस आणि बकऱ्या राखणाऱ्या, पुढं जादूगार झालेल्या गेडवर जीव टाकलास. दुसरं, ‘द टूम्स ऑफ अतुआन’, 1971 चं. ते उघडलंस तर समुद्र नाही, होडी नाही, गेडही नाही. वाळवंटातलं एक देवस्थान, थडग्यांचे उभे काळे दगड, आणि लहानपणीच आईबापांकडून आणून पुजारीण केलेली तेनार. तू लिहितेस, “अर्धं पुस्तक सरत आलं तरी गेड येईनाच की!” सहा पानांतलं हे वाक्य मला सगळ्यात आवडलं. बाकी ठिकाणी ‘लेखिकेने पात्ररचनेच्या दृष्टीने’ असलं काय काय लिहिलंयस, ते मी खोडलंय. त्या ‘की’मध्ये तू आहेस.

(मास्तराची खोड म्हणून मोजलं. प्रकरणं बारा आहेत, तो पाचव्यात येतो. रुसलेल्या माणसाला वाट जरा लांबच वाटते.)

मैत्रीण म्हणाली, “नायिका मुलगी आहे, तुला तर आवडायलाच पाहिजे.” तिच्यावर तू दीड पान खर्च केलंयस. एवढं नको. मुलगी आहेस म्हणून तेनार आवडलीच पाहिजे असा कायदा नाही.

आता माझी गोष्ट. मी अकरावीत असताना एका वाचनालयात एका अद्भुत कादंबरीचा पहिलाच भाग होता. दुसरा कुणीतरी नेलेला, परत केलेला नाही. मी दर शनिवारी विचारायचो. ग्रंथपाल मान हलवायचे. वर्षभरात मी तो दुसरा भाग मनातच रचून काढला. सायकलवरून येता-जाता नायकाला कैदेतून सोडवला, राजकन्येला बोलायला लावलं, खलनायकाला दोनदा मारला. मग एके दिवशी खरा दुसरा भाग हातात आला. इतका राग आला म्हणून सांगू! कादंबरी वाईट नव्हती. माझी चांगली होती एवढंच. आता ती कादंबरी मला धड आठवत नाही, माझी मात्र आठवते.

तुझाही असा एक दुसरा भाग आहे, नववीपासून मनात चाललेला. त्यात गेड कुठं कुठं जातो ते तू मला एकदा पावसात बसथांब्यावर उभं राहून सांगितलं होतंस. म्हणून लेख पुन्हा लिहायच्या आधी वहीत ते सगळं उतरवून काढ. तुला काय हवं होतं ते एकदा कागदावर आलं की छापलेल्या पुस्तकात काय आहे ते दिसायला लागेल.

कारण पुस्तक तुला आवडलंय. पुरावा माझ्याकडे आहे. चक्रव्यूहाच्या प्रकरणात समासात पेन्सिलीनं तू तीनदा ‘बापरे’ लिहिलंयस आणि सहा पानांत त्या प्रकरणाचं नावही नाही! थडग्यांखालच्या त्या पोकळीत दिवा न्यायला बंदी. तेनार भिंतीला हात लावून, वळणं मोजत, अंधार पाठ करते. खानापुरात पावसाळ्यात लाईट गेली की माजघरातून चुलीपर्यंत तू कशी जातेस? तसंच. आणि मग एक दिवस तिथं उजेड दिसतो. चोरून आलेल्या गेडच्या काठीचा. जी जागा ती फक्त हातांनी ओळखत होती ती स्फटिकांनी चमकताना तिला पहिल्यांदा दिसते. तो पहिल्या पानापासून पुस्तकात असता तर हा उजेड कुणाला दिसला असता? त्याच्या उशिराबद्दल मला एवढंच म्हणायचंय.

पहिल्या भागात निर्जन बेटावरची म्हातारी त्याला तुटक्या कड्याचा तुकडा देते, आठवतं? तू ते वाचून विसरलीस. मीही विसरलो असतो, पण मी दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली. त्याच कड्याचा दुसरा तुकडा शोधायला तो इथं आलाय.

नावांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस याचं नवल वाटलं. पुजारीण करताना तेनारचं नाव काढून घेतात, ‘गिळली गेलेली’ अशा अर्थाचं दुसरं देतात. 1 नोव्हेंबर 2014 पासून पाट्यांवर बेळगावी आहे आणि आपल्या घराघरांत बेळगाव. नावाचं वजन आपल्याला कुणी शिकवायला नको. गेड तिला तेनार म्हणून हाक मारतो तिथं मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन आलो.

तरी तक्रार कर. खरी तक्रार जागेवरच आहे, पण ती शेवटाकडे. एकटीनं अंधार पाठ करणारी, परतीच्या वाटेवर गेडवर सुरी उगारायचा विचार करणारी ही पोर शेवटी त्याचा हात धरून शहरात चालते, घरी येणाऱ्या लेकरासारखी. मला ते खुपलं. तुला? तू शेवटच्या प्रकरणापर्यंत गेडला पाहून इतकी खूश झाली होतीस की तिथं पेन्सिलच उचललेली नाहीस.

‘दुसरे भाग कधी चांगले नसतात’ हे तुझं शीर्षक बदल. ते 400 वर्षं जुनं आहे. सर्व्हान्तेसनं ‘डॉन किहोते’ या आपल्या स्पॅनिश कादंबरीच्या 1615 च्या दुसऱ्या भागात एका पात्राच्या तोंडी हेच घातलंय, स्वतःचीच टर उडवत.

आणि लेख कडोलीच्या किंवा येळ्ळूरच्या साहित्य संमेलनात वाचणार असशील तर मांडवातल्या माणसानं हे पुस्तक पाहिलेलंही नाही, हे ध्यानात ठेव. त्याला आधी तो अंधार दाखव. दोन पानं तरी दे त्याला. रुसवा नंतर. ‘आवडलं पण’ आणि ‘नाही आवडलं पण’ दोन्ही राहू देत, बेरीज करून गुण देऊ नकोस.

पुस्तकं याच बसनं परत पाठवतोय. समासात एका ठिकाणी माझीही पेन्सिल आहे, चिडू नकोस. ल ग्विनचं तिसरं 1972 चं, चौथं 1990 चं. ते शेवटचं म्हणून आलं आणि 2001 साली आणखी दोन आली म्हणे! तिसरं कुणाकडं असेल तर मिळव. मला पण दे. मात्र गेड कितव्या प्रकरणात येतो ते आधी सांगायचं नाही.

तुझे
सर