ईसीजी, टूडी इको नॉर्मल आहे, तरी हृदयाचा ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि भीती जात नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की रात्री अंथरुणावर पाठ टेकली की मधूनच ठोका चुकतो, छातीत धस्स होतं, आणि 'रिपोर्ट नॉर्मल आले खरे, पण डॉक्टरांच्या नजरेतून काही सुटलं असेल तर?' हा विचार पाठ सोडत नाही. मीही नागपूरचीच, आणि हे सगळं मी भोगलंय. मी डॉक्टर नाही, पण या भीतीचं काय करायचं ते अनुभवावरून सांगू शकते.

आधी त्या ठोक्याबद्दल. धंतोलीतल्या माझ्या डॉक्टरांनी माझ्याच ईसीजीच्या पट्टीवर पेनाने गोल करून दाखवला होता. सारख्या अंतरावर टोकं, मग एक टोक वेळेआधीच घुसलेलं, त्याच्यामागे थोडी मोकळी जागा, आणि पुढे पुन्हा सगळं सुरळीत. एक जास्तीचा ठोका लवकर पडतो, त्यानंतर हृदय क्षणभर जास्त थांबतं, तेवढ्यात त्यात रक्तही जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका जोरात पडतो. आपल्याला जे धस्स जाणवतं ते बहुतेक वेळा या पुढच्या, चांगल्या ठोक्याचं असतं. जास्तीच्या ठोक्याला एक्टोपिक म्हणतात, आणि धडधाकट माणसांच्या २४ तासांच्या रेकॉर्डिंगमध्येही असे ठोके सर्रास सापडतात. डाव्या कुशीवर झोपलं की हृदय छातीच्या भिंतीला जास्त लागतं, त्यात रात्रीची शांतता, म्हणून तेव्हा ते जास्त कळतं.

मला खरा फरक पडला तो होल्टरच्या, म्हणजे २४ तास चालणाऱ्या ईसीजीच्या, रिपोर्टने. छातीला तारा चिकटवून, कमरेला मशीन लावून दिवसभर ऑफिस केलं. धस्स झालं की वेळ लिहून ठेवायची होती. रिपोर्ट बघताना कळलं की जास्तीचे ठोके झोपेत पडले होते, भर कामात पडले होते, आणि त्यातले कितीतरी मला जाणवलेच नव्हते. उलट मी घाबरून लिहिलेल्या काही वेळांना पट्टीवरचे ठोके अगदी सुरळीत होते. म्हणजे हृदयात जे चाललं होतं आणि माझं मन जे टिपत होतं, त्यांचा मेळच नव्हता. त्या दिवसापासून मी हृदयापेक्षा माझ्या तपासण्याकडे बघायला लागले.

कारण तपासणं थांबतच नाही. मानेवर दोन बोटं, मग मनगट, मग कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर, मग गूगल, मग घरच्यांना 'मला काही होणार नाही ना?' असं विचारणं. प्रत्येक वेळी जरा वेळ बरं वाटतं आणि शंका पुन्हा डोकं वर काढते. वर भीतीने ॲड्रेनलिन वाढतं आणि त्याने धडधडही वाढते. हे तपासणं कमी करणं हाच यातला मुख्य उपचार, असं माझं ठाम मत आहे. मी ऑक्सिमीटर भावाकडे देऊन टाकला, घड्याळातलं हृदयगतीचं नोटिफिकेशन बंद केलं. नाडीकडे हात गेला की स्वतःला म्हणायचे, 'दहा मिनिटांनी बघू.' दहा मिनिटांनी बरेचदा गरजच उरायची नाही. सुरुवातीला फार जड जातं, भीती आधी वाढते, तिथे घरच्यांना सांगून ठेवा की मी विचारलं तरी धीर देत बसू नका.

दुसरं, धडधडीची सवय. भीतीने मी जिने चढणं सोडलं होतं. डॉक्टरांना विचारून सकाळी फुटाळा तलावाच्या काठाने भरभर चालायला लागले. आपल्या मर्जीने वाढवलेली आणि आपोआप शांत होणारी धडधड रोज अनुभवली की तिचा धाक कमी होतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही यात हात असतो. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, घामावाटे पाणी आणि क्षार जातात, कूलर लावूनही झोप धड होत नाही, आणि दिवसभर चहा. ताक, पन्हं, पाणी वाढवा, संध्याकाळनंतरचा चहा सोडून बघा. रात्री उशिरा सावजीचं जड जेवण झालं की मला जास्त जाणवायचं.

एवढ्याने भागलं नाही तर मानसोपचाराला कचरू नका. सीबीटी नावाची बोलण्याची उपचारपद्धत नेमक्या याच भीतीवर चालते. आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फुकट बोलता येतं.

मात्र चक्कर येऊन शुद्ध हरपणं, व्यायाम करताना नेहमीपेक्षा वेगळी, अनियमित धडधड किंवा छातीत दुखणं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, दम लागणं, वेगवान धडधड थांबतच नाही असं होणं, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं, यातलं काहीही असेल तर माझं उत्तर बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. त्रास त्या क्षणी चालू असेल तर १०८ ला फोन करा.

थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. दोन्हींमुळे धडधड होऊ शकते, तेव्हा पुढच्या भेटीत तेवढं विचारा. तेही नॉर्मल आले, तर डॉक्टर सांगेपर्यंत पुन्हा इको करायला जाऊ नका.