बटण दाबलं की चादर निघते का?

प्रश्न: आमच्या दोन नीट झाल्या. मेडिकलच्या या प्रवेश परीक्षेत मुलीला पहिल्यांदा ३१८ गुण, नंतर ३४१. तिसऱ्यांदा बसवायचं ठरवलं आहे. पण आजीचा पित्तनलिकेचा एमआरआय झाला, त्या दिवसापासून मुलगी ‘एमआरआय टेक्नॉलॉजिस्टच होणार’ म्हणते. आता तर रंगाच्या इंजेक्शनशिवायही फोटो निघतात, मग बटण दाबायला डिग्री कशाला? त्यात रेडिएशन. उद्या स्थळं कशी येणार?
– एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर: दादा, ‘आमच्या दोन नीट झाल्या’ या वाक्यापाशीच मी थांबलो. पेपर लिहायला ती एकटी बसली होती ना? पत्रात ‘ठरवलं आहे’ आहे, पण ती तिसऱ्यांदा बसायला तयार आहे का, हे कुठेच नाही. वर्षभरात २३ गुण वाढले. त्यासाठी तिने किती रात्री काढल्या, हे तुम्ही घरात पाहिलंच असेल. अशी मुलं माझ्यासमोर येऊन बसतात. प्रश्न त्यांना विचारला, तरी उत्तर देण्याआधी ती बापाच्या तोंडाकडे बघतात.

आता बटणाचं. तुम्ही माग चालवता, म्हणून तुम्हालाच विचारतो: बटण दाबलं की चादर निघते? धाग्याची तार तुटली आणि कुणाचं लक्ष नसलं, तर जेकार्डवर विणलेलं फूल कसं बिघडतं हे मी तुम्हाला काय सांगणार! पोटाच्या एमआरआयचं तसंच आहे. आजीच्या तपासणीत पित्त हाच ‘रंग’ होता. साचलेलं पाणी आणि पित्त पांढरंशुभ्र दिसेल, बाकी सगळं काळं पडेल, असं मशीन लावतात. मग त्या पांढऱ्या नळीत खडा काळ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. रक्तवाहिन्यांसाठी युक्ती वेगळी. स्थिर भागाचा सिग्नल दाबून टाकायचा, म्हणजे नव्याने वाहत आलेलं रक्त आपोआप उजळतं. किडनी कमजोर असलेल्यांना गॅडोलिनियमचं, म्हणजे त्या रंगाचं, इंजेक्शन देताना डॉक्टर दहादा विचार करतात, तिथे हे फार कामाला येतं. पण औषधाचा आधार गेला की टेक्नॉलॉजिस्टचा कस लागतो. पेशंट चार-सहा तास उपाशी आहे का, पोटावरचा श्वास टिपणारा पट्टा नीट बसलाय का, घाबरलेली आजी पंधरा सेकंद श्वास धरेल का? धरला नाही, तर चित्र अस्पष्ट येतं. मग ‘आजी, अजून एकदा हं’ म्हणत पुन्हा सगळं पहिल्यापासून. इंजेक्शन नाही म्हणून काम कमी होत नाही, उलट वाढतं.

रेडिएशनचं म्हणाल, तर एमआरआयमध्ये एक्स-रे नसतातच. चुंबक आणि रेडिओलहरी असतात. कोर्समध्ये एक्स-रे, सीटीही शिकतात, पण तिथे शिशाचा ॲप्रन आणि डोस मोजणारा बॅज असतो. एवढ्यावरून नाक मुरडणारं स्थळ आलं नाही, तर बरंच.

बारावी सायन्सनंतर मेडिकल इमेजिंगची बी.एस्सी. करता येते, बहुतेक ठिकाणी तीन वर्षं आणि इंटर्नशिप. रिपोर्ट मात्र रेडिओलॉजिस्ट देतो, त्यासाठी एमबीबीएस आणि पुढे एमडीसारखं पदव्युत्तर शिक्षण लागतं. हा फरक तिला आधीच समजू द्या. सहा महिन्यांत ‘एमआरआय टेक्निशियन’ करणाऱ्या गल्लीतल्या क्लासला पैसे देऊ नका.

तिसऱ्या नीटबद्दल मी आज काहीच सांगणार नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचायला मागू नका.