बहुकेंद्री भिंग: आधी प्रकाशाचा हिशेब मांड

मोतिबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायचं, दूरचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारं भिंग आखताना, सॉफ्टवेअर उघडायच्या आधी कागदावर प्रकाशाचा हिशेब मांड. विवर्तनावर (बारीक कडांपाशी प्रकाश वळण्यावर) चालणाऱ्या द्विकेंद्री भिंगात पृष्ठभागावरची गोल पायरी अर्ध्या तरंगाचा फरक पाडेल एवढी उंच ठेवली, तर सुमारे ४० टक्के प्रकाश दूरच्या आणि तेवढाच जवळच्या केंद्राला मिळतो. उरलेला जवळपास पाचवा हिस्सा वायाच जातो. ५५० नॅनोमीटरला, १.५५ अपवर्तनांकाच्या ॲक्रिलिकमध्ये ही पायरी जेमतेम १.३ मायक्रॉन भरते. अपवर्तनांकातला फरक हवेशी नव्हे, डोळ्यातल्या द्रवाशी (१.३३६) धरायचा, नवखे इथेच फसतात.

मी सगळ्यात जास्त वेळ बाहुलीला देते. ३ मिलिमीटरला छान वाटणारी रचना रात्री बाहुली ५ मिलिमीटर झाली की दिव्यांभोवती कडी दाखवते, आणि भिंग बसवलेला माणूस तेव्हा गाडी चालवत असतो. पायऱ्या कडेकडे उतरत्या ठेवल्या तर मोठ्या बाहुलीत जास्त प्रकाश दूरच्या केंद्राकडे वळतो. मंद उजेडात वाचणं मात्र अवघड होतं. मला ही तडजोड पटते.

भिंग अर्धा मिलिमीटर सरकवून, थोडं कलवूनही तपास. डोळ्यातल्या मूळ भिंगाच्या पातळ पिशवीत ते अगदी मध्यावर बसेलच असं नाही. भिंगातली जवळच्या केंद्रासाठीची ४ डायॉप्टरची (भिंगाच्या ताकदीचं एकक) भर चष्म्याच्या जागी साधारण ३.२ ठरते, वाचायचं अंतर त्यावरून काढ.