वाचकांचे प्रश्न : ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) एलजीबीटी, म्हणजे समलैंगिक, ट्रान्सजेंडर वगैरे माणसांचं स्वागत कसं शिकवावं?

प्रश्न : मी पाळक आहे. समलैंगिक माणसांशी प्रेमाने वागा, असा एका रविवारी उपदेश केला. उपासना संपायच्या आत काही कुटुंबं उठून गेली आणि अजून वाद मिटलेला नाही. माझं चुकलं कुठे?

उत्तर : विषय चुकला नाही, जागा चुकली. उपदेशात एकच माणूस बोलतो. ऐकणाऱ्याला प्रश्न विचारता येत नाही, मग तो प्रश्न बाहेर आवारात आणि फोनवर फुटतो. म्हणून सुरुवात अभ्यासगटाने करा. आधी सहा ते आठ जणांना एकत्र आणा. त्यांत मंडळीचे दोन वडील (कारभार पाहणारे एल्डर), तरुण संघातलं कुणीतरी, महिला मंडळातलं कुणीतरी आणि मनापासून शंका असलेलं एक तरी माणूस हवं. सगळे एकाच मताचे घेतले तर ‘यांचं आधीच ठरलंय’ असं लोक म्हणतात, आणि ते चुकीचं नसतं. या सहा-आठ जणांनी दोनेक महिने आपसात वाचन करावं, मगच इतरांना बोलवावं.

पुढे दर पंधरा दिवसांनी दीड तासाची एक, अशा सहा बैठका घ्या. गट आठ-दहांचाच ठेवा. पंचवीस जण बसले की चौघेच बोलतात. पहिल्या बैठकीत शास्त्रभाग (बायबलमधले उतारे) काढू नका, फक्त शब्द समजावून घ्या. लैंगिक कल म्हणजे आपल्याला ओढ कोणाविषयी वाटते. लिंगभाव म्हणजे आपण स्वतःला बाई, पुरुष की आणखी काही म्हणून ओळखतो. इथे गल्लत राहिली की गे (समलैंगिक) माणसाविषयीचा प्रश्न ट्रान्सजेंडर (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा लिंगभाव वेगळा असलेल्या) माणसाच्या माथी मारला जातो आणि पुढची प्रत्येक चर्चा भरकटते. दुसरी बैठक बायबल वाचायचं कसं यावर घ्या : गुलामगिरी किंवा बायकांनी मंडळीत बोलणं याविषयी ख्रिस्ती लोकांचं वाचन कसं बदलत गेलं? तिसरी आणि चौथी वादाच्या शास्त्रभागांना द्या. पाचवीत एलजीबीटी ख्रिस्ती लोकांनी स्वतः लिहिलेलं, सांगितलेलं ऐका. सहावीत आपण काय करायचं ते बोला, पण मत घेऊ नका. मंडळीने स्वागताचा ठराव करेपर्यंत वर्ष-दीड वर्ष धरा. दोन-चार मतांनी निसटता झालेला ठराव मंडळीच्या पुढच्या निवडणुकीत उलटतो, आणि त्याच्या भरवशावर पुढे आलेली माणसं उघडी पडतात.

प्रश्न : अभ्यासात एक वडील म्हणतात, ‘बायबलमध्ये स्पष्ट लिहिलंय, चर्चा कशाला?’ काय उत्तर द्यावं?

उत्तर : उत्तर देऊ नका, त्यांच्याबरोबर वाचा. नेहमी पुढे येणारे भाग मोजकेच आहेत : उत्पत्ती १९, लेवीय १८:२२ आणि २०:१३, रोमकरांस १:२६-२७, करिंथकरांस पहिले पत्र ६:९-१० आणि तीमथ्याला पहिले पत्र १:९-१०. प्रत्येकाला वेगवेगळी भाषांतरं आणायला सांगा आणि करिंथकरांस ६:९ शेजारी शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. तिथे मूळ ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत. ‘मालाकोई’चा अर्थ मऊ; मत्तय ११:८ मध्ये तोच शब्द मऊ कपड्यांसाठी येतो. ‘आर्सेनोकोईताई’ हा पुरुष आणि बिछाना या दोन शब्दांचा जोड आहे, आणि हे पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या आधीच्या ग्रीक लिखाणात तो सापडलेला नाही. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात या दोन शब्दांना दोन वेगळे शब्द आहेत. १९४६ च्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनने दोन्ही मिळून ‘होमोसेक्शुअल’ हा एकच शब्द घातला आणि १९७१ च्या आवृत्तीत तो बदलला. अनुवादकांनाच हात फिरवावा लागला, हे कागदावर दिसलं की खोलीतला आवाज खाली येतो.

मात्र दुसरी बाजूही सांगा. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात लेवीय २०:१३ मध्ये पुरुष आणि बिछाना हेच दोन शब्द लागोपाठ येतात. पौलाने जोडशब्द तिथूनच घडवला, असं पारंपरिक मताचे अभ्यासक म्हणतात आणि तो मुद्दा वजनदार आहे. पौलाच्या डोळ्यांसमोर दास आणि मुलांचं शोषण होतं की परस्परसंमतीचं नातंही, यावर खरा मतभेद आहे. हे लपवलंत तर शंका घेणारा माणूस घरी जाऊन शोधतो आणि पुन्हा तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. रोमकरांस १ सगळ्यांत अवघड, म्हणून तर ते टाळायचं नाही. फक्त २:१ पर्यंत वाचत जा; तिथे पौल दुसऱ्याला दोष लावणाऱ्याकडेच वळतो. सदोमाचा (उत्पत्ती १९ मधल्या शहराचा) विषय निघाला तर यहेज्केल १६:४९ काढा. तिथे सदोमाचा दोष म्हणून गर्व, सुबत्ता आणि गरिबाला हात न देणं सांगितलं आहे.

चौथ्या बैठकीत अनुवाद (जुन्या करारातलं पुस्तक) २३:१, यशया ५६:३-५ आणि प्रेषितांची कृत्ये ८:२६-४० याच क्रमाने घ्या. पहिल्या ठिकाणी षंढाला (खच्ची केलेल्या पुरुषाला) मंडळीत मज्जाव आहे, दुसऱ्या ठिकाणी त्याला देवाच्या घरात नाव मिळतं, तिसऱ्या ठिकाणी त्याचा बाप्तिस्मा होतो. षंढ म्हणजे आजचा गे किंवा ट्रान्सजेंडर माणूस, असं समीकरण मात्र मांडू नका. ते टिकत नाही. बाहेर ठेवलेल्या माणसासाठी दार कसं उघडत गेलं, एवढंच पाहा. तेवढं पुरेसं आहे.

प्रश्न : माझ्या सतरा वर्षांच्या मुलाने तो गे असल्याचं मला सांगितलं. प्रार्थनेने ‘बरा’ होईल, असं मंडळीतल्या एक बाई म्हणतात.

उत्तर : हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. माणसं बदलण्याचं काम करणारी एक्सोडस इंटरनॅशनल ही ख्रिस्ती संस्था २०१३ मध्ये बंद झाली आणि तिच्या अध्यक्षांनी लोकांची माफी मागितली. मुलासोबत प्रार्थना जरूर करा; त्याला बदलण्यासाठीच्या प्रार्थनेला पाठवू नका. त्यातून त्याच्या मनात एवढंच बसतं की देवाने प्रयत्न करूनही आपण वाईटच राहिलो. त्याच्या परवानगीशिवाय कोणालाही सांगू नका, पाळकांनाही नाही. आधी त्यालाच विचारा : ‘कोणाला सांगू, कोणाला नको?’ जगणं नकोसं झालंय असं तो बोलला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा.

प्रश्न : दारावर ‘सर्वांचे स्वागत’ अशी पाटी आहे. ती पुरत नाही का?

उत्तर : नाही. पाटी वाचून एक जोडपं येतं, वर्षभर गायनात गातं, आणि शब्बाथशाळेत (मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गात) शिकवायची इच्छा दाखवल्यावर कळतं की तिथे नियम वेगळा आहे. हा घाव पहिल्याच दिवशी ‘नाही’ ऐकण्यापेक्षा खोल असतो. म्हणून लिहून काढा : सभासदत्व, प्रभुभोजन, लेकरांचा बाप्तिस्मा, गायन, शिकवणं, वडीलपद, विवाह. प्रत्येकापुढे ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘अजून ठरलं नाही’. शेवटचं उत्तरही चालेल, पण ते विचारणाऱ्याला आधी सांगा. अमेरिकेत युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने १९८५ मध्ये स्थानिक मंडळ्यांना असं उघड स्वागत जाहीर करण्याचं आवाहन केलं. उलट युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या नियमपुस्तकात समलैंगिकतेविरुद्ध १९७२ मध्ये घातलेलं वाक्य २०२४ मध्ये निघालं. तुमच्या मंडळीला वेळ लागला तर खचू नका.

प्रश्न : आमच्या मंडळीतला एक तरुण गे आहे. त्याला पहिल्याच बैठकीत साक्ष द्यायला, म्हणजे स्वतःचा अनुभव मांडायला, सांगावं का?

उत्तर : सांगू नका. तो स्वतःहून म्हणाला तरच, आणि तेही पाचव्या बैठकीत. प्रश्न आधी चिठ्ठीवर घ्या. शरीराविषयीचे आणि खासगी आयुष्याचे काढून टाका. उरलेले त्याला एक दिवस आधी दाखवा. नको वाटणारा प्रश्न त्याने न बोलता बाजूला ठेवावा. शेजारी त्याने निवडलेलं माणूस बसू द्या, आणि बैठक संपल्यावर त्याला एकट्याला घरी पाठवू नका.