न छेडलेला गंधार

बाळा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. वर्षभरात अकरा ग्रंथ झाले, ऐरोलीला जाता-येता लोकलमध्ये कानात अभंग सुरूच असतात, तरी आत काही हलत नाही, असं लिहिलं आहेस. आणि बारावं पुस्तक कुठलं घेऊ, असं विचारतोस. बारावं घेऊ नकोस. ज्ञानेश्वरीकडे परत जा.

ती तू महिन्याभरात संपवलीस. नऊ हजारांच्या आसपास ओव्या! तिशीत मीही असाच सपाटा लावला होता. पारायण पुरं झाल्याचं समाधान मिळालं, दुसरं काही नाही. अरे, शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, हा ग्रंथ नेवाशाला सांगितला गेला. समोर श्रोते बसले होते. पहिल्याच अध्यायात माउली त्यांना विनवतात की शरदाच्या चांदण्यातले अमृतकण चकोराची पिल्लं जशी मवाळ मनाने वेचतात, तशी ही कथा अनुभवा, 'अतिहळुवारपण चित्ता आणूनियां'.

म्हणून मोठ्याने वाच. ओवीच्या पहिल्या तीन चरणांचं यमक जुळतं आणि चौथा आखूड चरण तुला एकदम थांबवतो. नुसत्या डोळ्यांनी वाचलं तर हा थांबा हाती लागत नाही. रोज पाच ओव्या, बस्स. अर्थ अडला तर स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून सार्थ प्रत आण. 1893 पासून ठाणेकर तिथून पुस्तकं नेताहेत.

आणि लगेच शांत वाटेल अशी आशा धरू नकोस. मी हळू वाचायला लागले तेव्हा पहिल्यांदा वर आलं ते बहिणीशी बारा वर्षांपूर्वी झालेलं भांडण. शब्दन् शब्द. समोरच्या ओवीचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता, तरी पुस्तक मांडीवर ठेवून मी रडले. असं काही झालं तर घाबरून वाचन सोडू नकोस, आणि ते दडपायला गाणंही लावू नकोस.

गाण्याचंही तसंच. गर्दीत, मेल बघताना ऐकलेला अभंग नुसता कानावरून जातो. एकच निवड आणि दोन महिने तोच ऐक, दुसरं काहीही न करता. कुमार गंधर्वांना क्षयाने गाठलं, डॉक्टरांनी गायला मनाई केली, 1948 साली ते देवासला राहायला गेले. गाणं बंद असलेल्या त्या वर्षांत ते दारावरून जाणाऱ्या भजनी फकिरांना ऐकत राहिले. त्यांची निर्गुणी भजनं त्या ऐकण्यातून आली आहेत. मला ती ऐकताना अजूनही अंगावर काटा येतो.

मागच्या खेपेला तू तंबोरा छेडलास आणि दोन मिनिटांत बाजूला ठेवलास. तेव्हा सांगायचं राहिलं. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवत जवारी लावायची. तार आधी मुकी असते, मग किरकिरते, आणि मधे कुठेतरी एका जागी आवाज उमलतो. चारही तारा सुरात आल्या की खर्जातून, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'च्या तारेतून, गंधार, म्हणजे 'ग' हा स्वर, ऐकू येतो. तारा लावलेल्या असतात पंचमात आणि षड्जात, गंधाराची तार तिथे नसतेच. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ओढून काढता येत नाही. तारा नीट लावायच्या, आणि कान देऊन बसायचं. मला तो पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा तंबोरा हातात धरून वर्ष उलटून गेलं होतं, आणि त्या दिवशी मी गायलेच नाही.

तू जे शोधतो आहेस ते मला याच जातीचं वाटतं.

रविवारी सकाळी सहाला नौपाड्यात ये, रिक्षांची वर्दळ सुरू व्हायच्या आत. पाच ओव्या वाचून ये. पंखा बंद करून बसू. त्याच्या घरघरीत गंधार बुडतो.

तुझी
बाई